पुढचे तीन तास: आपल्या गावापुरता पावसाचा अंदाज कसा वाचायचा

मार्च-एप्रिलमध्ये बेदाण्याच्या शेडवर रोज दुपारी एकच प्रश्न असतो: आज पडदे सोडायचे का? कवठे महांकाळ, नागज, तासगाव या आमच्या पट्ट्यात द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून जाळीवर टाकली की माल वाळायला बारा-पंधरा दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत एखादी सर तिरकी आत घुसली तरी माल काळा पडतो आणि दर उतरतो. बरं, रोजच झाकून ठेवावं तर वारा लागत नाही आणि माल वाळत नाही. आमच्या शेडचे चारी बाजूंचे पडदे सोडून बांधायला चार माणसं आणि पाऊण तास लागतो. त्यामुळे मला आठवड्याचा अंदाज पुरत नाही. पुढच्या दोन-तीन तासांचा हवा असतो, आणि तोही जिल्ह्याचा नव्हे, माझ्या शेडचा.

कांदा काढून शेतात पसरलेला शेतकरी, हळद शिजवून वाळत घातलेलं घर, कच्च्या विटा रचून ठेवलेला भट्टीवाला, मांडव घालून बसलेले वधूपिते, सगळ्यांची गरज हीच असते. एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. ‘आमच्या गावात चार वाजता पाऊस पडेल की नाही’ याचं नेमकं उत्तर कुठल्याच संकेतस्थळावर किंवा वाहिनीवर तयार मिळत नाही. उत्तराचे तुकडे मिळतात. सकाळी एक तुकडा, दुपारी दुसरा, ढग उठल्यावर तिसरा. ते जोडून शेवटच्या तासाचा अंदाज आपल्यालाच बांधावा लागतो. तो कसा बांधायचा ते खाली क्रमाने लिहिलं आहे.

आधी शब्दांचे अर्थ पक्के करा

भारतीय हवामान विभागाच्या अंदाजातला प्रत्येक शब्द मोजून वापरलेला असतो. आपण तो बोलीभाषेतल्या अर्थाने वाचतो आणि मग ‘अंदाज चुकला’ म्हणतो.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांनी होतो. त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस, असा त्याचा अर्थ. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि त्यापुढे ‘बहुतेक ठिकाणी’. आता विचार करा. सांगली जिल्ह्यात तुरळक ठिकाणी वादळी पावसाचा इशारा आला आणि चारपैकी तीन गावं कोरडी राहिली, तर तो अंदाज बरोबर ठरला. कोरड्या राहिलेल्या तीन गावांना मात्र तो खोटा वाटतो. पारावरची हवामान खात्यावरची निम्मी टीका या एका शब्दातून येते, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट रंगांची. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. नुकसान किती होऊ शकतं आणि त्याची शक्यता किती, हे दोन्ही पाहून रंग ठरतो. तो सहसा अख्ख्या जिल्ह्याला लागतो. पुणे जिल्ह्यात लोणावळाही येतं आणि इंदापूरही. म्हणून तर पावसाळ्यात पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक यांच्या घाटमाथ्याचा इशारा वेगळा दिला जातो. टीव्हीवर ‘पुण्याला रेड अलर्ट’ अशी पट्टी फिरते तेव्हा तो घाटमाथ्याला आहे की शहराला, हे पाहिल्याशिवाय कुणाला फोन करू नका.

तिसरी गोष्ट पावसाच्या आकड्यांची. १५.६ ते ६४.४ मिलिमीटर म्हणजे मध्यम, ६४.५ पासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, २०४.५ पासून अत्यंत मुसळधार. हे सगळे आकडे चोवीस तासांचे असतात, सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. वळवाच्या पावसात फसगत होते ती इथेच. तीस मिलिमीटर कागदावर ‘मध्यम’ असतो, पण वळवात तो अर्ध्या तासात ओततो, सोबत वारा आणि कधी गारा घेऊन. तेव्हा मार्च ते मे या काळात ‘हलका ते मध्यम’ या शब्दांवर विसंबू नका. त्याच वाक्यात ‘मेघगर्जना’, ‘विजांचा कडकडाट’, ‘ताशी ३० ते ४० किमी वेगाने सोसाट्याचा वारा’ हे शब्द आहेत का ते शोधा. असले तर तो वळीव आहे असं समजून कामाला लागा.

सकाळ: आज दिवस कसला आहे?

सकाळच्या अंदाजाकडून वेळ मागू नका. आज डोळा ठेवायचा दिवस आहे की निर्धास्त राहायचा, एवढंच ठरवा.

टीव्हीचा खरा उपयोग याच कामाला. सह्याद्री वाहिनीच्या किंवा कुठल्याही वृत्तवाहिनीच्या हवामान वृत्तात देशाचा नकाशा आणि उपग्रहाचं फिरतं चित्र दाखवतात. त्यातून आपल्या गावाचं काही कळत नाही, पण मोठी मांडणी कळते. वळवाच्या दिवसांत ‘विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटकमार्गे दक्षिणेकडे कमी दाबाचा पट्टा’ अशा अर्थाचं वाक्य कानावर आलं की सावध व्हायचं. या पट्ट्याच्या आसपास दोन्ही समुद्रांकडून आलेली ओलसर हवा एकत्र येते, दुपारचं ऊन तिला वर ढकलतं आणि गडगडाटी ढग उभे राहतात.

टीव्ही पाहताना दोन गोष्टींची सवय लावून घ्या. पहिली, अंदाज कधीचा आहे ते ऐका. सकाळचा इशारा संध्याकाळच्या बातम्यांत पुन्हा फिरतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर मागच्या वर्षीची चित्रफीतही फिरते. तारीख आणि वेळ नसलेला अंदाज मी पुढे पाठवत नाही. दुसरी, उपग्रहाच्या चित्रातला लाल-पिवळा रंग म्हणजे जोराचा पाऊस असं समजू नका. अवरक्त (इन्फ्रारेड) चित्रात रंग दाखवतो तो ढगाच्या माथ्याचा थंडपणा. माथा जितका उंच तितका थंड. उंचावर पसरलेले पातळ, पिंजलेल्या कापसासारखे ढगही तिथे ठळक दिसतात आणि त्यांतून थेंबही पडत नाही.

मग मोबाइल. हवामान विभागाच्या ‘मौसम’ संकेतस्थळावर जिल्ह्याचा पाच दिवसांचा इशारा पाहा. त्यानंतर ‘मौसमग्राम’ पाहा. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत गावाचं नाव किंवा पिनकोड टाकला की पुढच्या ३६ तासांचा तासागणिक अंदाज दिसतो, पाच दिवसांपर्यंत तीन-तीन तासांचा आणि दहा दिवसांपर्यंत सहा-सहा तासांचा. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत पातळीवरचा अंदाजही सुरू झाला.

गावाचं नाव दिसलं म्हणजे गावावरचा ढग कुणी पाहिला, असं मात्र नसतं. संगणकाचं प्रारूप जमिनीचे चौकोन पाडून गणित करतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, तयार केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे २०२५ मध्ये लागू झाली. तिचा चौकोन सहा किलोमीटरचा आहे. त्याआधीचा बारा किलोमीटरचा होता. ही प्रगती मोठी आहे, आणि ती पुण्यात झाली याचा मला अभिमान आहे. पण वळवाच्या एकट्या ढगाचा पाऊस पाच-सहा किलोमीटरच्या पट्ट्यातच कोसळू शकतो. असा ढग गणिताच्या एका चौकोनात मावतो आणि त्यातच हरवतो. शिवाय प्रारूप दिवसातून ठरावीक वेळीच चालतं. सकाळी साडेपाचच्या निरीक्षणांवर चाललेलं गणित बाहेर यायला काही तास जातात, त्यामुळे दुपारी चार वाजता फोनवर दिसणारं थेंबाचं चित्र पहाटेच्या हवेवर बेतलेलं असू शकतं. फोनमध्ये आधीपासून असणाऱ्या परदेशी अ‍ॅपचंही तसंच. त्यांची सकाळची ‘४० टक्के’ ही खूण मी दिवसाचा स्वभाव कळण्यापुरती घेतो, तासासाठी घेत नाही.

सकाळचा एक आकडा मात्र फार मोलाचा आणि दुर्लक्षित आहे: दवबिंदू. जवळच्या केंद्राच्या ताज्या नोंदीत तो मिळतो, बऱ्याच अ‍ॅपमध्येही असतो. हवेत पाण्याची वाफ खरोखर किती आहे ते तो सांगतो. आमच्याकडे कोरड्या उन्हाळी दिवशी तो दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली असतो. तोच अठरा-वीसच्या घरात गेला की वादळाला लागणारा माल हवेत आला. घरातल्या बायकांना हे आकड्याविना कळतं. मिठाला पाणी सुटतं, पापड लवकर सादळतो. शेडमध्ये अर्धवट वाळलेला माल हाताला चिकटायला लागतो.

कमी दाबाचा पट्टा, जिल्ह्याला पिवळा इशारा आणि चढलेला दवबिंदू, या तिन्हींपैकी दोन जुळले तर मी सकाळीच माणसांना सांगून ठेवतो की दुपारी लांब जाऊ नका. पडदे उघडेच ठेवतो.

दुपार: ढग कुठे उठतायत?

बारा-एकनंतर उपग्रहाचं चित्र पाहायला सुरुवात करा. इन्सॅट-३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस यांची चित्रं दर अर्ध्या तासाला मिळतात. दिवसा ‘दृश्य’ प्रकारचं चित्र निवडा. त्यात वाढणारे ढग कोबीच्या गड्ड्यासारखे गच्च, पांढरेशुभ्र आणि धारदार कडांचे दिसतात, तर पातळ ढग फिकट व धुरकट. एका चित्रात ठिपका, पुढच्यात रुपयाएवढा, त्यापुढच्यात बशीएवढा, असा जो वाढतो तो ढग लक्षात ठेवा. जो तेवढाच राहतो तो सोडून द्या.

आता बाहेर येऊन आकाशही पाहा. ढगाचा माथा वर जाऊन ऐरणीसारखा सपाट पसरला असेल तर तो गडगडाटी ढग पुरता तयार झाला. ऐरणीचं टोक ज्या दिशेला लांबलंय तिकडे वरचा वारा वाहतोय. ढग अगदी त्याच दिशेने सरकेल असं नाही, पण अंदाज बांधायला ती पहिली खूण.

ढग उठल्यावर: रडार

या लेखातला सगळ्यात कामाचा भाग हा आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

डॉप्लर रडार रेडिओ लहरी सोडतं आणि पावसाच्या थेंबांवरून, गारांवरून परतलेला प्रतिध्वनी मोजतं. म्हणजे ते गणित नसून प्रत्यक्ष निरीक्षण आहे. मुंबईत कुलाबा आणि वेरावली, विदर्भात नागपूर, दक्षिणेला गोवा, अशी रडारं हवामान विभागाच्या संकेतस्थळावर उघडता येतात. चित्र साधारण दहा-पंधरा मिनिटांनी बदलतं.

पहिली पायरी, आपलं रडार निवडा. जवळचं रडार कोणतं ते नकाशावर सरळ रेषेत मोजा, रस्त्याने नव्हे. आमच्या भागाला मुंबई तीनशे किलोमीटरवर, गोवा दोनशेच्या आसपास. म्हणून मी गोव्याचं उघडतो.

दुसरी पायरी, अंतराचा दोष समजून घ्या. रडारचा झोत सरळ जातो, पृथ्वी मात्र खाली वाकत जाते. अर्धा अंश वर रोखलेला झोत शंभर किलोमीटरवर जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर असतो आणि दोनशे किलोमीटरवर चार किलोमीटरच्याही वर. त्याखाली काय चाललंय ते त्याला दिसत नाही. वळवाचा ढग दहा-बारा किलोमीटर उंच असतो, तो लांबूनही सापडतो. पावसाळ्यातले सह्याद्रीला घासून जाणारे बुटके ढग मात्र झोताच्या खालून निसटतात, आणि डोंगर आडवा आला तर तो झोतच अडवतो. म्हणून एप्रिलमध्ये रडार कोरं दिसलं तर मी बऱ्यापैकी निर्धास्त असतो. जुलैमध्ये कोऱ्या रडारवर विसंबत नाही.

तिसरी पायरी, वेळ वाचा. यावर मी जोर देऊन सांगतो, कारण याच चुकीने माझा माल भिजला. अनेक चित्रांवर वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, छापलेली असते. तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ मिळते. रडार वापरायला लागलो त्या पहिल्याच हंगामात एका दुपारी चित्रावर ०९:४० दिसलं. मला वाटलं सकाळचं जुनंच चित्र आहे, संकेतस्थळ अडकलंय. आमच्या पूर्वेला लालभडक ठिपका होता, तोही मी ‘सकाळी होऊन गेला असेल’ म्हणून सोडला. ते चित्र तीन वाजून दहा मिनिटांचं होतं. शेडवरचा गडी बाहेरून ओरडला, “आण्णा, वारं फिरलं बघा!” तेव्हा हातात दहा मिनिटं होती आणि पडद्यांना पाऊण तास लागतो. पूर्वेच्या बाजूचे, तिसऱ्या दिवसाचा ओला माल असलेले कप्पे पूर्ण भिजले. त्या दिवसापासून रडार उघडलं की मी आधी घड्याळ जुळवतो, मगच रंग पाहतो.

चौथी पायरी, रंग. बाजूच्या पट्टीवर डीबीझेड हे एकक असतं, म्हणजे परतलेल्या प्रतिध्वनीचा जोर. वीसच्या आसपास भुरभुर, तीस ते चाळीस चांगला पाऊस, पंचेचाळीसच्या पुढे जोराची सर. पंचावन्नच्या वर गेलं की गारांची शंका धरा. ‘मॅक्स’ नावाचं चित्र निवडलं तर नकाशाच्या वरच्या आणि उजव्या कडेला दोन पट्ट्या दिसतात. त्या ढगाची उंची दाखवतात. गडद रंग तिथे उंचावर चढलेला दिसला तर ढग जोमात आहे. तोच खाली उतरत चालला असेल तर ढग रिता होतोय.

पाचवी पायरी, वेग काढा. समजा २:४० च्या चित्रात ढगाची पुढची कड जतच्या पूर्वेला आहे आणि ३:१० च्या चित्रात ती पश्चिमेला चौदा किलोमीटर सरकली. अर्ध्या तासात चौदा, म्हणजे ताशी अठ्ठावीस. कड माझ्या शेडपासून अजून एकवीस किलोमीटरवर असेल तर पंचेचाळीस मिनिटं हातात आहेत. बरोबर पडदे सोडायला लागतात तेवढीच. म्हणजे निर्णय आत्ता घ्यायचा, पुढच्या चित्राची वाट पाहायची नाही. अंतर मोजताना ढगाच्या मध्यापासून मोजू नका, कडेपासून मोजा. दिशा ठरवताना निदान तीन चित्रं घ्या, दोनांवरून फसायला होतं.

सहावी पायरी, हा हिशेब कधी मोडतो ते लक्षात ठेवा. वळवाचा एक ढग अर्धा-पाऊण तास, फार तर तासभर जगतो. तो मरताना त्याच्यातून थंड हवा खाली आदळते, जमिनीवरून चारी दिशांना पसरते आणि वाटेतल्या गरम हवेला उचलून नवा ढग उभा करते. त्यामुळे रडारवर ढग सरकताना दिसतो तेव्हा पुष्कळदा जुना मरून पुढे नवा जन्मलेला असतो, आणि तो मधलं गाव ओलांडून एकदम पलीकडेही उठतो. तासाभरापुरता वेगाचा हिशेब चांगला चालतो, दोन तासांवर डळमळतो. तीन तासांवर तो हिशेब मी करतच नाही.

तात्कालिक अंदाज आणि विजेचा इशारा

हवामान विभाग दर तीन तासांनी, आणि गरज पडली तर मध्येही, पुढच्या तीन तासांचा जिल्हावार ‘नाऊकास्ट’ म्हणजे तात्कालिक अंदाज देतो. रडार, उपग्रह, विजांच्या नोंदी आणि जमिनीवरची निरीक्षणं एकत्र पाहून तिथला अधिकारी तो लिहितो. मध्य महाराष्ट्र, कोकण आणि मराठवाड्यासाठी मुंबईचं प्रादेशिक केंद्र, विदर्भासाठी नागपूरचं. एप्रिलमध्ये मला सकाळच्या कुठल्याही अंदाजापेक्षा या चार ओळी जास्त भरवशाच्या वाटतात. वाचताना क्रम असा ठेवा: कधी दिला, कुठवर लागू, कोणते जिल्हे, मग मजकूर. २ वाजता दिलेला इशारा ५ नंतर वाचला तर त्याचं काम संपलेलं असतं. आपल्या जिल्ह्याबरोबर शेजारचेही पाहा. सोलापूर आणि विजापूरकडे इशारा असेल आणि ढग आमच्या दिशेने चालत असतील, तर सांगलीचं नाव यायच्या आधीच मी माणसं शेडवर बोलावतो.

विजेसाठी आयआयटीएमचं ‘दामिनी’ अ‍ॅप घ्या. विजांची जागा पकडणाऱ्या यंत्रजाळ्यावरून ते आपल्याभोवती वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात नुकत्याच कुठे विजा पडल्या ते दाखवतं. फोनचं ‘लोकेशन’ चालू नसेल तर ते निरुपयोगी, हे आधी तपासा. रेंज नसलेल्या रानात कान वापरा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. त्या क्षणी काम थांबवायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा सुरू करायचं नाही.

शेडवाल्यांना इथे हात जोडून एक सांगायचं आहे. बेदाण्याची शेड म्हणजे लोखंडी अँगलचा उघडा सांगाडा. डोक्यावर कागद आहे म्हणून ती आसरा होत नाही. वीज दहा किलोमीटरच्या आत आली की पडदे अर्धे राहिले तरी माणसं खाली उतरवा आणि पक्क्या घरात किंवा बंद टपाच्या गाडीत बसवा. झाडाखाली नाही, उघड्या ट्रॅक्टरवर नाही. मराठवाड्यात, विदर्भात दरवर्षी शेतात वीज पडून माणसं जातात, आणि त्यांतली कितीतरी पाऊस चुकवायला झाडाखाली गेलेली असतात. म्हणून माझा नियम असा की पडद्यांचा निर्णय पावसाच्या अंतरावर नाही, विजेच्या अंतरावर घ्यायचा. वीज चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात शिरली की काम सुरू, म्हणजे ती जवळ येईपर्यंत ते संपतं.

शेवटच्या पंधरा मिनिटांत फोन खिशात ठेवा. पडलेला वारा एकदम उलट्या बाजूने सुटतो, गार झोत लागतो, मातीचा वास येतो, क्षितिजावर धुळीची भिंत उभी राहते. ढगातून आदळलेली थंड हवा पोचल्याची ही खूण. पाऊस तिच्यामागे दहा-वीस मिनिटांवर असतो. कधी नुसता वाराच येतो आणि पाऊस वाटेत विरतो, पण पडदे फाडायला वारा एकटा पुरतो.

पावसाळ्यात आणि शहरात

जूननंतर पद्धत बदलते. तेव्हा एकटा ढग शोधण्यापेक्षा पाऊस कुठे साठून राहिलाय हे महत्त्वाचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३ च्या आसपास. कुलाब्यात खिडकीतून पाहणाऱ्याला कुर्ल्यात काय चाललंय याची कल्पनाच आली नसती. आता मुंबई महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन विभागाच्या संकेतस्थळावर विभागवार स्वयंचलित पर्जन्यमापकांचे ताजे आकडे दिसतात. घरून निघताना आपल्या विभागाचा आणि वाटेतल्या विभागांचा गेल्या तासाचा आकडा पाहा. सोबत भरतीची वेळ पाहा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराची सर एका वेळी आली की पाणी समुद्रात जात नाही, रस्त्यावर राहतं.

पुण्याने वेगळा धडा दिला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला कोसळलेलं पाणी आंबिल ओढ्यातून खालच्या वस्त्यांत शिरलं. तर २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीला चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला आणि सिंहगड रस्त्यालगतच्या सोसायट्यांत खडकवासल्याच्या विसर्गाचं पाणी आलं. ओढ्याकाठी किंवा नदीकाठी राहत असाल तर डोक्यावरच्या आभाळाचा अंदाज अर्धाच कामाचा. वरच्या अंगाला, धरणाच्या पाणलोटात काय पडतंय आणि धरणातून किती क्युसेक सोडतायत, हे दर तासाला पाहायचं.

झाल्यानंतर: वही

हे सगळं जमायला एक हंगाम जातो, आणि तो वहीशिवाय फुकट जातो. सरळ उभ्या भिंतींचं भांडं किंवा साधं प्लास्टिकचं पर्जन्यमापक झाडापासून आणि भिंतीपासून दूर, उघड्यावर बसवा. रोज सकाळी साडेआठला मोजा, म्हणजे आपला आकडा हवामान विभागाच्या आकड्याशी जुळवता येतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, एकराला चार हजार लिटरहून थोडा जास्त. राज्यात महसूल मंडळांत ‘महावेध’ची स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत आणि मंडळात अतिवृष्टी झाली का हे ६५ मिलिमीटरच्या निकषावर ठरतं. पण ते केंद्र तुमच्या रानापासून आठ-दहा किलोमीटरवर असू शकतं. तिथे पाच आणि तुमच्याकडे साठ, असं वळवात सहज होतं.

वहीत पाच रकाने पुरतात: सकाळचा इशारा, सकाळचा दवबिंदू, तात्कालिक अंदाजाची वेळ, रडारवर ढग कुठून आला, आणि प्रत्यक्षात काय झालं. पडदे सोडले आणि पाऊस आला नाही, तो दिवसही लिहा. आमच्या वहीत गेल्या हंगामात असे दिवस बरेच निघाले. त्यांतल्या बहुतेकांत ढग सांगोल्याच्या बाजूने आले होते आणि वाटेत विरले होते, तर जतकडून आलेले सहसा पोचले. एवढ्यावरून नियम करायचं धाडस मी करत नाही. पण यंदा सांगोल्याकडचा ढग दिसला की एक चित्र जास्त थांबतो, आणि जतकडचा दिसला की थांबत नाही.